फोरमनची घरची वीज

“लोड किती?”

मुलुंडला खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याआधी मी सात जागा बघितल्या होत्या आणि सातही ठिकाणी पहिला प्रश्न आडनावाचा होता. मी परभणीकडचा, पेटीत बुद्धाची तसबीर घेऊन आलेला. आडनाव सांगितलं की कालपर्यंत रिकामी असलेली खोली नेमकी आज सकाळीच घरमालकाच्या भाच्याला दिलेली निघायची. ऐंशीच्या त्या दशकात उपनगरांतल्या घरमालकांना भाचे फार झाले होते. त्यामुळे आडनावाचं उत्तर मी तयार ठेवलं होतं, लोडचं नव्हतं.

“म्हणजे?” मी म्हटलं.

“अरे म्हणजे बल्ब किती वॉटचा लावणार? पंखा आणणार? इस्त्री करतोस का? रेडिओ आहे?”

“बल्ब साठचा. रेडिओ आहे, पण तो सेलवर चालतो.”

“सेलवर!” त्यांचा चेहरा एकदम खुलला. “म्हणजे आपली वीज आपण घेऊन आलास की रे! ये, बस. गो, चाय टाक, भाडेकरू मिळालो.”

आडनाव त्यांना कळलं ते तीन महिन्यांनी, पोस्टमन माझं पत्र घेऊन आला तेव्हा. पत्त्यावरचं नाव वाचलं आणि पत्र माझ्या हातात दिलं, बस्स. तसबीर मात्र पहिल्याच दिवशी बघितली. खिळा ठोकायला हातोडी त्यांनीच आणली आणि दोन पावलं मागे सरून विचारलं, “हेच्यावर झिरोचो बल्ब लावूया काय?” मला त्या क्षणी भरून आलं होतं, हे आज सरळ कबूल करतो. बल्ब लावला. तो त्यांच्या पद्धतीने लावल्यामुळे सहा दिवसांत गेला, ही गोष्ट वेगळी.

कुर्ल्याकडच्या एका इंजिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात ते फोरमन होते, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही सगळी गल्ली त्यांना फोरमन म्हणायची. बायकोही म्हणायची. दारावर नावाची पाटी नव्हती. पाटी होती, पण तिच्यावर ‘बेल नाही. कडी वाजवावी.’ एवढंच लिहिलेलं होतं. बेलला लागणारी वीज हा त्यांच्या मते शुद्ध माज होता. “दाराला कडी आहे, माणसाला हात आहे, मधी करंट कशाला?” असं ते म्हणायचे आणि मग त्याच घरात चोवीस बल्ब चोवीस तऱ्हांनी जोडायचे. काही ओळीने, काही उलट, काही कुठून आले ते त्यांनाही आठवत नसे. काकूंचं त्यावर ठरलेलं वाक्य होतं, “बल्ब मेले चोवीस, पण उजेड पडात तर शपथ!”

माणसंही ते वॉटमध्ये मोजत. सोसायटीचे सेक्रेटरी पंधरा वॉटचे, तेही रात्री देवळात लावतात तसे. दूधवाला भैया साठचा, पण व्होल्टेज कमी. मी वीजखात्यात मीटर रीडर आहे हे कळल्यावर त्यांनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला आणि मला शंभरात बसवलं. त्या दिवसापासून माझं नाव ‘मीटर’ पडलं. काकू मात्र किती वॉटच्या, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्यापुढे ते स्वतःच डिम व्हायचे.

हे खूळ आलं कुठून, असं मी एकदा विचारलं. ते शर्टाची बटणं शिवत होते, तोंडात दोरा होता. म्हणाले, “आमच्या गावाच्या वर घाटात वीज बनते. तारा आमच्या डोक्यावरनं मुंबईला गेल्या. मोठे मोठे मनोरे आमच्या शेतात, आणि माझ्या आवशीन, आईन रे, ती मरेपर्यंत रॉकेलच्या चिमणीवर रात्री काढल्या. मी मुंबईत आलो तेव्हा पहिल्या रात्री बल्बाकडे बघत बसलो. म्हटलं, ही आमचीच रे वीज! आमच्या अंगणात थांबली नाही ती.” दोरा तोडला आणि म्हणाले, “वीज घरची असावी, परसातल्या अळवासारखी. लागली तेवढी खुडली. उरली तर शेजाऱ्याला दिली. आणि मीटर, माझी एक इच्छा आहे. एकदा तरी माझी वीज लायनीत गेली पाहिजे आणि ती गेली असं तुझ्या खात्याने म्हटलं पाहिजे. बाकी काय नको.”

मला तेव्हा वाटलं, किती साधी इच्छा. मी खात्यात नवा होतो.

सुरुवात सायकलपासून झाली. भाडेकरूसाठी नियम असा की वाचायचं असेल तर आधी खोलीतल्या स्टँडवरच्या सायकलवर वीस मिनिटं पायडल मारायचं, मग डायनामोच्या बॅटरीवर तासभर दिवा. मी खात्याची परीक्षा देत होतो. अभ्यास किती झाला सांगता येत नाही, पण पोटऱ्या चांगल्या झाल्या. शेवटी काकूंनी सायकलवर पापडाची पोतडी ठेवली आणि तो प्रयोग संपला. मग गच्चीवर पत्र्याच्या पिंपाची पवनचक्की आली. ती तीन दिवस फिरली, चौथ्या दिवशी वारा खरोखर आला तेव्हा उडाली आणि पलीकडच्या बिल्डिंगच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन बसली. पलीकडच्या बायका वर आल्या. फोरमन त्यांना वाऱ्याचा वेग समजावून सांगत होते, त्या त्यांना दुसरं काहीतरी समजावून सांगत होत्या.

आणि मग त्यांची नजर म्हशींवर गेली.

आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून तबेला होता. चौदा म्हशी. सोसायटीतले लोक त्या म्हशींचं दूध पीत आणि त्याच म्हशींच्या वासाबद्दल दर महिन्याला तक्रार लिहीत. फोरमननी तबेल्याच्या कोपऱ्यात खड्डा बांधून गोबरगॅसचा डबा बसवला. गॅसवर चालेल असं एक जुनं शेतपंपाचं इंजिन दुरुस्त केलं आणि पट्ट्याने त्याला पाण्याच्या पंपाची एक जळलेली, आतल्या तारा स्वतः नव्याने गुंडाळून भरलेली मोटर जोडली. भैयाची एकच शंका होती. “साहब, गोबर में से करंट निकाल लोगे तो खाद में ताकत क्या बचेगी?” फोरमन त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि अर्धा तास समजावत राहिले. शेवटी भैया म्हणाला, “ठीक है, लेकिन भैंस को तार मत लगाना.”

मोटरची युक्ती मला त्यांनी तेव्हा सांगितली ती अशी. मोटरला वीज दिली की ती फिरते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण लाईनला जोडलेली असतानाच तिला इंजिनाने तिच्या नेहमीच्या वेगापेक्षा थोडं जास्त पळवलं, तर ती वीज खायची सोडून ओकायला लागते. “वर्कशॉपात एकदा चुकून झालं होतं,” ते म्हणाले. “सगळ्यांनी तिला शिव्या घातल्या. मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं.”

ही वीज सोसायटीच्या जिन्याच्या आणि पंपाच्या मीटरला जोडायची, तर सोसायटीची परवानगी हवी. सभा भरली. सेक्रेटरी बँकेत अधिकारी होते आणि घरीसुद्धा ठरावाच्या भाषेत बोलत. विषय क्रमांक चार, ‘शेणापासून वीज’. पहिला प्रश्न दुसऱ्या मजल्यावरून आला, की या विजेला वास येईल का. एक आजी म्हणाल्या, म्हशीचं आहे म्हणून, गाईचं असतं तर देव्हाऱ्यातला दिवा तरी त्यावर लावला असता. कुणीतरी विचारलं, म्हैस आटली तर काय. फोरमन एकेकाला उत्तर देत गेले, घामाघूम झाले. शेवटी सेक्रेटरींनी ठराव वाचला: प्रयोगास हरकत नाही, मात्र प्रयोग यशस्वी झाल्यास त्याची जबाबदारी सोसायटीवर राहणार नाही.

प्रयोग यशस्वी झाला. आणि जबाबदारी माझ्यावर आली.

आमची गल्ली माझ्याच हद्दीत होती. महिनाअखेर मी सोसायटीचा मीटर वाचला, तर आकडा मागच्या महिन्यापेक्षा अकरा युनिट खाली. मीटरची चकती माझ्या डोळ्यांसमोर उलटी फिरत होती. फोरमन शेजारी उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “लिही,” ते म्हणाले. “दिसतंय ते लिही.” मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कनी मला बोलावलं. “हे काय लिहिलंय?”

“साहेब, मीटर मागे फिरतोय.”

“मीटर म्हणजे माणसाचं वय. वाढेल, थांबेल, कमी कसं होईल?” त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. “यात उणे लिहायला जागा कुठे आहे, दाखव मला.”

जागा खरंच नव्हती. चार दिवसांनी मला लेखी मेमो आला, की रीडिंग घेताना मद्यप्राशन केले होते काय, याचा खुलासा करावा. मी नोकरीत कायम झालो नव्हतो. घरी आईला पत्रात मी ‘साहेबांचं माझ्याकडे लक्ष आहे’ असं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

खात्याने मीटर बिघडलाय असं ठरवून बदलला. नवाही उलटा फिरला. तोही बदलला. तिसऱ्याने फोरमनच्या बाजूने साक्ष दिली तेव्हा खात्याने ‘मीटरशी छेडछाड’ असा संशय घेऊन सोसायटीला नोटीस पाठवली. सेक्रेटरींचा रक्तदाब वाढला आणि त्यांनी मीटरच्या खोलीला स्वतःचं कुलूप लावून किल्ली जानव्याला बांधली. फोरमन मात्र खूश. “खात्याने दखल घेतली!” म्हणत ते अर्ज करायला निघाले. वीज मागण्याचा अर्ज होता, वीज देण्याचा नव्हता. तेव्हा त्यांनी तोच घेतला, ‘ग्राहक’ खोडून ‘पुरवठादार’ लिहिलं आणि दिला. खात्याचं उत्तर आलं: रेशनकार्डाची प्रत जोडलेली नाही, तसेच जागेत राहणाऱ्या व्यक्तींची संख्या नमूद करावी. फोरमननी दुसऱ्या मुद्द्यापुढे प्रामाणिकपणे लिहिलं, ‘चौदा म्हशी’.

अशा गोष्टी वर्षभर चालल्या. मग कुणाच्या तरी हातून ती फाईल पवईला शिकून आलेल्या एका तरुण ज्युनियर इंजिनियरच्या टेबलावर पडली. साहेब स्वतः तबेल्यात आले. बूट शेणात गेले तरी त्यांचं लक्ष नव्हतं. तासभर मोटरभोवती फिरले, दोनदा चहा प्यायले आणि म्हणाले, “फोरमन, हे झकास आहे. पण आमच्या खात्यात याला परवानगी कोण देतं तेच शोधावं लागेल. मी शोधतो. एक गोष्ट मात्र सांगा, लाईन गेली की तुमचं मशीन काय करतं?”

“मरतं, साहेब. आपोआप. लायनीचा आधार असला तरच ते वीज देतं.”

“मग ठीक. कारण लाईन गेली की आमची माणसं तारेला हात लावतात. त्यांना वाटतं ती मेलेली आहे. तुमच्या बाजूने ती जिवंत राहिली तर माणूस जाईल.” सिगारेटच्या पाकिटाच्या मागे त्यांनी एका खटक्याचं चित्र काढून दाखवलं. “तुमची वीज आणि आमची लाईन यांच्यामध्ये हा हवा. परवानगी मिळाली तर पहिली अट हीच असेल.”

फोरमननी ते पाकीट कॅलेंडरच्या खिळ्याला लावून ठेवलं. ते एवढे आनंदात मला आधी कधी दिसले नव्हते.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी पाच-दहा मिनिटं वीज गेली. सगळी सोसायटी खिडकीत आली आणि तबेल्याकडे बघू लागली. मशीन अर्थातच गप्प पडलं. सेक्रेटरी वरून म्हणाले, “अहो फोरमन, म्हणजे खात्याची वीज असेल तरच तुमची वीज! मग तुमची कशाला हो?” सगळे हसले. खरं सांगायचं तर वाक्य चांगलं होतं, मलाही हसू आलं. फोरमन त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून कपॅसिटरचे डबे घेऊन आले. लाईनकडून मशीनला जो आधार मिळतो तो हे डबे देणार होते. म्हणजे लाईन गेली तरी मशीन आपल्या पायावर उभं राहणार. मी म्हटलं, “काका, साहेब काय म्हणाले होते?” ते म्हणाले, “खटका बसवणार मी. सोसायटीकडे मागितलाय.” सोसायटीने विषय पुढच्या सभेवर ढकलला, पुढच्या सभेने त्याच्या पुढच्या. तोवर त्यांनी एक नियम केला. लाईन गेली की आधी मीटरच्या खोलीतले सगळ्या बिल्डिंगचे तीन मोठे फ्यूज हाताने ओढून काढायचे, म्हणजे आपला बाहेरच्या तारेशी संबंध तुटला. मगच डबे जोडून इंजिन सुरू करायचं. नियम चोख होता. फक्त खोलीची किल्ली सेक्रेटरींच्या जानव्याला होती.

तो रविवार थंडीतला. टीव्हीवर संध्याकाळचा सिनेमा लागला होता आणि सेक्रेटरींच्या घरी मुलीला बघायला आलेले पाहुणे रंगीत टीव्हीसमोर बसले होते. सिनेमा रंगात आला आणि गल्लीत अंधार झाला. गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणणाऱ्यांनी आमची केबल तोडली होती. रस्ता कोण खणत होतं, ते मुलुंडला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी तेव्हा बाहेरून येत होतो. खात्याची गाडी लगेच आली होती आणि खड्ड्यात शंकर उतरला होता. शंकर आमच्या खात्याचा केबल जोडणारा, दुपारी माझ्यासोबत डबा खाणारा. मी वाकून विचारलं, “किती वेळ रे?” तो म्हणाला, “दीड तास. तारा पार चेंदल्यात, एकमेकीत घुसल्यात. टोकं कापून साफ करायला लागतील.” मी म्हटलं, जपून. तो हसला. “मागची बाजू मी फ्यूज काढून मारलीय यार. आणि पुढे या केबलवर तुमची एकटीच बिल्डिंग. पुढून काय येणार, भूत?” त्याने हॅक्सॉ उचलला, मी घरी गेलो.

तबेल्यात फोरमन डबे जोडत होते आणि सेक्रेटरी धोतराचा सोगा धरून धावत आले होते. “फोरमन, सोसायटीच्या अब्रूचा प्रश्न आहे. पाहुणे अंधारात बसलेत.”

“आधी तीन फ्यूज काढा,” फोरमन म्हणाले. “किल्ली तुमच्याकडे आहे.”

सेक्रेटरी गेले आणि दोन मिनिटांत परत आले. “काढले. करा सुरू.”

मी इंजिनचा हँडल मारला. इंजिन लागलं, पण मोटरने वीज धरली नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. लोक भिंतीवरून बघत होते, कुणीतरी म्हशीसारखं ओरडलं. फोरमननी कपाळ पुसलं, डबे तपासले आणि म्हणाले, “आणखी एकदा.” तिसऱ्यांदा मोटरने वीज धरली, आणि आमची चार मजल्यांची बिल्डिंग पेटली.

सगळ्या गल्लीत काळोख आणि आमच्या खिडक्यांत उजेड. शेजारच्या बिल्डिंगीतले लोक सतरंज्या घेऊन आमच्याकडे सिनेमा बघायला येऊ लागले. कुरडयावाल्या बायकाही आल्या. ‘फोरमन झिंदाबाद’ अशी एक आरोळीही उठली. काकू गॅलरीत आल्या, खाली नवऱ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. फोरमन इंजिनाजवळ उभे होते. ते रडत होते आणि ते लपवायला इंजिनाला तेल घालत होते. त्यांचं आयुष्य त्या चार मिनिटांत सार्थकी लागलं होतं. मला त्यांचा एवढा अभिमान वाटला की काहीतरी बोलावं म्हणून मी बोललो.

“शंकर खड्ड्यात दीड तास बसणार काका. तोवर राज्य आपलं.”

“काय करतोय तो?”

“चेंदलेली टोकं कापून साफ करतोय.”

त्यांचा तेलाचा हात थांबला. “कधी?”

“आत्ताच. आपण हँडल मारला तेव्हा करत असेल.”

त्यांनी तेलाचं भांडं खाली ठेवलं. पुढे त्यांनी मला समजावून सांगितलं, पण त्या वेळी त्यांना ते एका क्षणात कळलं होतं. मशीनने दोनदा वीज धरली नाही, कारण दूर कुठेतरी तारा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. तिसऱ्यांदा धरली, कारण मधल्या वेळात कुणीतरी त्या कापून मोकळ्या केल्या. म्हणजे मशीन अजून त्या खड्ड्याला जोडलेलं होतं.

“फ्यूज काढूक नाय,” ते म्हणाले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

बिल्डिंग काळी झाली. वरून एक मोठा ‘ओऽऽ’ आला, सिनेमात नेमकं गाणं होतं. “बसलं म्हशीचं इंजिन!” कुणीतरी ओरडलं आणि हशा झाला. सेक्रेटरी चाचपडत आले. “अहो, काय झालं? चालू करा, पाहुणे...”

“फ्यूज काढलात?” फोरमननी अगदी हळू विचारलं.

सेक्रेटरी जानव्याची किल्ली चाचपू लागले. “हात घालायची भीती वाटली हो. म्हटलं, एवढ्याने काय होतंय.”

मला वाटलं, फोरमन आता यांच्या कानाखाली काढणार. त्यांनी हात पुढे केला तो किल्लीसाठी. मीटरच्या खोलीत गेले, तिन्ही फ्यूज काढून खिशात घातले आणि गल्लीच्या तोंडाकडे चालू लागले. भिंतीवरून पोरं ‘फोरमन फ्यूज!’ म्हणून ओरडत होती. त्यांनी वळून बघितलं नाही. मला म्हणाले, “मीटर, कुणाला काय सांगायचं नाही. बंद पडलं म्हणायचं.”

म्हणून सगळे तेच म्हणाले. सोसायटीच्या इतिवृत्तात ‘यंत्र निर्णायक क्षणी अयशस्वी’ अशी नोंद झाली, सेक्रेटरींच्या सहीने. इंजिनाचा पट्टा फोरमननी दुसऱ्या दिवशी स्वतः कापला. खात्याला पत्र लिहून अर्ज मागे घेतला. दोन महिन्यांनी खात्याचं उत्तर आलं, की तरुण साहेबांच्या शिफारशीवरून आपल्या प्रस्तावास तत्त्वतः मान्यता देण्यात येत आहे. सोबत रेशनकार्डाची प्रत जोडावी. फोरमननी ते वाचलं, घडी घातली आणि काकूंच्या लोणच्याच्या बरणीखाली ठेवलं, बरणी डुगडुगत होती.

फोरमन जाऊन खूप वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी राहतो त्या सोसायटीने गच्चीवर उन्हापासून वीज करणाऱ्या सोलरच्या पाट्या बसवल्या. मीटर दोन्ही बाजूंनी मोजतो, उणेसाठी जागा आहे. बसवणाऱ्या पोराला मी विचारलं, “लाईन गेली तर?” तो म्हणाला, “आपोआप बंद होतं काका. लाईनवर माणूस असतो ना.” किती सहज म्हणाला. मी खाली येऊन बाकावर बसलो आणि ती गोष्ट इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बायकोला सांगितली.

त्या संध्याकाळी आम्ही खड्ड्याशी पोचलो तेव्हा शंकर वर बसून स्टोव्हवर केबलच्या जोडावर ओतायचं डांबर तापवत होता. जिवंत होता. मी तिथेच मातीच्या ढिगावर बसलो. शंकर आपल्याच नादात म्हणाला, “काय रे, मगाशी साला एकदा झणझणलं. खांद्यापर्यंत. हातमोजा होता म्हणून. ओल असेल.”

मी फोरमनकडे बघितलं. त्यांनी गप्प राहावं, असं मला मनापासून वाटत होतं. नोकरी माझीही जाणार होती.

“ओल नाही,” फोरमन म्हणाले. “ती माझी वीज होती. मला साहेबांनी सांगितलं होतं, तरी मी केलं. कोणी हसलं म्हणून केलं.” खिशातून त्यांनी तिन्ही फ्यूज काढून शंकरच्या पुढ्यात ठेवले. “आता येणार नाही.”

शंकर फ्यूजकडे बघत राहिला, मग त्यांच्याकडे. “मला दोन मुली आहेत काका,” तो म्हणाला. एवढंच. फोरमन उभे होते तसेच उभे राहिले. त्यांना शिव्या हव्या होत्या, त्या मिळाल्या नाहीत.

डांबर तापलं. शंकर खड्ड्यात उतरला, हातमोजे चढवले आणि वर न बघता हात लांब करून बॅटरी त्यांच्याकडे दिली.

“धरा. इथं, तारांवर मारा उजेड,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “हलवू नका काका. मला दिसत नाही.”